बुकिंग एकाचं, चढण दोघांची

"ताई, आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे. काहीतरी हटके करायचंय. आणि हो, तिला सांगू नका हं, सरप्राइज आहे."

असा फोन आला की मी आधी तारीख विचारते आणि मग तिचा नंबर मागते. तारखेपर्यंत गडी खुशीत असतो. नंबर मागितला की अडखळतो. "कशाला? तिला कळेल ना मग." कळायलाच हवं, मी सांगते. काही जण हसून नंबर देतात. काही जण 'बघतो' म्हणतात आणि दुसऱ्या कुणाकडे तरी बुकिंग करतात. हातचं गिऱ्हाईक गेलं की वाईट वाटतं, पण हा नियम मी सोडलेला नाही.

मी कामतघरची. आठवडाभर राहनाळच्या एका गोदामात माल मोजते आणि सुट्टीच्या दिवशी माणसांना डोंगरावर नेते. भिवंडीतून ट्रेकला माणसं मिळतात का, असं ठाण्या-डोंबिवलीचे लोक विचारतात. भिवंडी म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर कंटेनरची रांग आणि खड्डे येतात. दोन्ही आहेत, नाही म्हणत नाही. पण आमच्या गल्लीत आजही यंत्रमागाचे कारखाने चालतात आणि या कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, शुक्रवारी असते. शुक्रवारी खडखडाट थांबला की कामतघर वेगळंच गाव वाटतं. वऱ्हाळा देवीच्या तलावाकडे माणसं निवांत फिरताना दिसतात. माझी बरीच गिऱ्हाइकं ही शुक्रवारवाली. त्यांच्यासाठी मी मुकादमाशी बोलून रविवारऐवजी शुक्रवार घेते. रविवारी माहुली किल्ल्याच्या शिडीपाशी रांग लागते, शुक्रवारी शिडी मोकळी असते, हा त्यातला माझा फायदा.

लग्नाच्या वाढदिवसाला डोंगर ही मागणी अलीकडची. आधी लोक महाबळेश्वरला जायचे, नाहीतर घरीच श्रीखंड-पुरी व्हायची. आता मुलं आई-बापाला पाठवतात, नवरा बायकोला नेतो, क्वचित बायको नवऱ्याला. मला आनंदच आहे. पण या कामात पडल्यापासून एक गोष्ट पाहत आले आहे. बुकिंग करणारा एक असतो आणि दुसरा त्याच्यासोबत आलेला असतो. ज्याने पैसे भरले त्याची मला फारशी काळजी नसते. त्याने व्हिडिओ बघितलेले असतात, बूट घेतलेले असतात, मनाने तो आठवडाभर आधीच वर पोचलेला असतो. माझं खरं काम असतं ते दुसऱ्या माणसाबरोबर.

त्यात आपल्याकडची लग्नसराई आडवी येते. लग्नं होतात तुळशीच्या लग्नानंतर, नाहीतर मुलांच्या परीक्षा संपल्यावर एप्रिल-मेमध्ये. चातुर्मासात मुहूर्त नसतात. म्हणजे ज्या दिवसांत सगळ्यांना धबधबे बघायचे असतात, त्या दिवसांत लग्नाचे वाढदिवस जवळजवळ नसतातच. आणि भर मे महिन्यात, पारा चाळिशीला टेकलेला असताना, निम्म्या जोडप्यांना गड चढायचा असतो. मेमध्ये माहुली म्हणजे घाम, तहान आणि भांडण. मी सरळ सांगते, तारीख घरी साजरी करा, डोंगर डिसेंबरात करू. एका काकूंनी यावर तोडगा काढला होता. म्हणाल्या, "आमचं लग्न मेमधलं, पण साखरपुडा डिसेंबरातला. आपण साखरपुड्याचा वाढदिवस करू." काकांना साखरपुड्याची तारीख आठवत नव्हती, तो भाग वेगळा.

मेच धरून बसणाऱ्यांसाठी दोन जागा आहेत. एक भंडारदरा. मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला, पहिला पाऊस तोंडावर आला की तिकडच्या हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे उतरतात. नर काजवे मादीला बोलावण्यासाठी लुकलुकतात, तेव्हा वाढदिवसाला हा कार्यक्रम शोभतो. अख्खं झाड एका तालात पेटतं आणि विझतं. पण तिथे आता गाड्यांच्या दिव्यांचाच उजेड जास्त होतो, म्हणून मी शनिवार-रविवारी तिकडे कुणालाच नेत नाही. आणि अंधारात मोबाइलचा टॉर्च लावणाऱ्याला दोनदा सांगते, तिसऱ्यांदा गाडीत बसवते.

दुसरी जागा कोलाड. कुंडलिका नदीत राफ्टिंग उन्हाळ्यातही चालतं, कारण तिथलं पाणी पावसावर अवलंबून नाही. मुळशी धरणाचं पाणी डोंगराच्या पोटातून खाली भिऱ्याच्या वीजघरात येतं. टाटांचं हे वीजघर 1927 पासूनचं. वीज तयार झाली की तेच पाणी नदीत सोडतात आणि त्या सोडलेल्या पाण्यावर सकाळी राफ्ट निघतात. एरवी नदी पायाखालचे दगड दाखवत पडलेली असते. पाण्याची वेळ वीजघराची, आपली नाही, त्यामुळे आदल्या रात्री मुक्काम करावा लागतो. नाचगाणं करून दोन वाजता झोपलेल्या जोडप्याला सकाळी उठवणं हा माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे.

कोलाडला दरवेळी ठरलेला प्रश्न मंगळसूत्राचा. लाइफ जॅकेट घालण्याआधी गाइड सांगतो, गळ्यातलं, हातातलं, कानातलं काढून ठेवा. बरोबरच आहे. राफ्ट उलटली तर लांब साखळी जॅकेटच्या पट्ट्यात किंवा दोरीत अडकू शकते. पण लग्नाच्याच वाढदिवसाला मंगळसूत्र काढा म्हटल्यावर बाई माझ्याकडे बघते आणि नवरा नदीकडे. घरून सासूबाईंनी बजावून पाठवलेलं असतं. मी वाद घालत नाही. माझ्याजवळ प्रथमोपचाराची चिकटपट्टी असते. काढायचं नसेलच, तर मंगळसूत्राचे दोन वेढे करायचे, अंगाला पट्टीने घट्ट चिकटवायचे, वर पूर्ण गळ्याचा टी-शर्ट आणि त्यावर जॅकेट. रॅपलिंगला मात्र ही सवलत नाही. तिथे दोर ज्या कडीतून सरकतो त्या कडीत ओढणी, मोकळे केस, साखळी काहीही ओढलं जातं आणि माणूस कड्यावर अर्ध्यात लटकून राहतो. केस बांधून हेल्मेटच्या आत आणि गळा मोकळा. तिथे सासूबाईंचा मान मी दुसऱ्या दिवशी राखते.

पवना तलावाकाठच्या तंबूंबद्दलही विचारणा होते. हृदयाच्या आकाराचे दिवे, गुलाबाच्या पाकळ्या, पहाटेपर्यंत डीजे. ज्यांना आवडतं त्यांनी जावं. माझ्या मते तो हॉलच, फक्त छप्पर काढलेला.

मला स्वतःला आवडतो तो माहुली. कामतघरहून पहाटे पाचला निघालं, अंजूरफाट्याहून रांजणोली नाक्याला लागलं, नाशिक महामार्ग धरला, की पडघा मागे टाकून दिवस उजाडायच्या सुमारास आसनगावात पोचतो. निघायला उशीर झाला तर गोदामांच्या ट्रकमध्ये सापडलो म्हणून समजा. आसनगावपाशी डावीकडे माहुलीची रांग दिसायला लागते. एकच डोंगर, पण त्याचे तीन भाग. एका टोकाला पळसगड, मध्ये माहुली, दुसऱ्या टोकाला भंडारगड. भंडारगडाच्या अंगाला सुळके उभे आहेत आणि त्यांची नावं नवरा, नवरी, भटोबा, करवली. सगळं लग्नच तिथे दगड होऊन थांबलंय. वाढदिवसाच्या जोडप्यांना मी गाडीतूनच हे दाखवते. बहुतेक जण आधी विचारतात, नवरा कुठला? मग भांडतात की उंच तो नवरा की जाड तो.

इतिहासही जोडप्यांच्या कामाचा आहे, जरा अवघड अंगाने. 1636 साली शहाजीराजे निजामशाहीचा लहानगा वारस घेऊन याच गडावर मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्यात सापडले. जिजाबाई आणि बाल शिवाजीही गडावर होते असं सांगतात. तह झाला, निजामशाही संपली, राजे आदिलशाहीच्या चाकरीत दक्षिणेला गेले आणि पुढे जिजाबाई शिवबांना घेऊन पुण्यात राहिल्या. गड नंतर शिवाजी महाराजांनी घेतला, 1665 मध्ये पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला आणि 1670 मध्ये परत जिंकला. म्हणजे हा किल्ला जोडप्यांसाठी शुभ आहे असं काही मी म्हणत नाही. चढायला चांगला आहे एवढंच.

गेल्या हिवाळ्यात एका मुलाने आई-वडिलांसाठी माहुली ठरवला. लग्नाला पंचवीस वर्षं. वडील आमच्याच भागात कारखान्यावर. कुटुंब मूळचं तेलंगणातलं, पद्मशाली, पण तीन पिढ्या भिवंडीत काढल्यामुळे मराठी माझ्याहून स्वच्छ. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणाले. मुलाचं म्हणणं होतं की आईची काळजी घ्या, ती कधी डोंगर चढलेली नाही. नियमाप्रमाणे मी काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "माझं काही नाही ग. चार मजले पाणी चढवलंय मी. यांचं बघ. यांना मागून हाक मारलेली कळत नाही."

हे मुलाने सांगितलं नव्हतं. त्याला ते सांगण्यासारखं वाटलंच नसेल. मागाच्या आवाजात आयुष्य काढलेल्या माणसाला ऐकू कमी येतं, हे आमच्याकडे इतकं सर्रास आहे की कुणी त्याला आजार समजत नाही. घरातले मोठ्याने बोलतात, टीव्ही मोठ्याने लावतात, झालं. पण डोंगरावर 'थांबा', 'डावीकडे', 'दगड सुटलाय' हे ऐकू येण्यावर सगळं चालतं. फोन केला नसता तर हे मला शिडीवर कळलं असतं.

म्हणून त्या दिवशी रांग वेगळी लावली. सर्वात पुढे मी, माझ्यामागे काकू, त्यांच्यामागे अण्णा आणि शेवटी गावातला आमचा वाटाड्या. अण्णांना सगळं समोर दिसलं पाहिजे, मागून कुणी काही सांगायचं नाही. वनखात्याच्या नाक्यावर तिकीट काढलं, देवळापाशी ओढा ओलांडला आणि जंगलात शिरलो. हे सगळं तानसा अभयारण्यात येतं, म्हणून मुक्काम नाही, शेकोटी नाही, स्पीकर नाही. वाट सुरुवातीला सरळ, मग एका सोंडेवरून जी उभी होते ती दोन-अडीच तास सोडत नाही. एका टप्प्यावर झाडी फाटते आणि तानसा तलाव दिसतो. मुंबईला 1892 पासून पाणी पाजणारा तलाव. भिवंडीकराने तो बघून उसासा टाकायचा असतो, तो अण्णांनीही टाकला.

वाटेत माझ्या लक्षात आलं की दोघं बोलत नाहीत, हात करतात. काकू मागे न वळता एक हात खाली नेऊन पंजा पसरायच्या, अण्णा थांबायचे. दोन बोटं वर, चालायला लागायचे. कारखान्यात मागाच्या गोंगाटात कामगार असेच बोलतात. धागा तुटला, कांडी संपली, चहा आला, सगळं हातावर. काकू लग्नानंतर कित्येक वर्षं डबा घेऊन जायच्या, तेव्हा शिकल्या. मी ट्रेक लीडरचा कोर्स केला त्यात इशारे शिकवले होते, पण या दोघांचे इशारे त्याहून बारीक होते. 'दगड हलतोय' आणि 'दगड हलतोय पण चालेल' यासाठी त्यांच्याकडे दोन वेगळ्या खुणा होत्या.

माथ्याच्या खाली लोखंडी शिडी लागते. बहुतेकांचं बळ इथेच खचतं. काकू वर गेल्या. अण्णांनी चढण्याआधी शिडीचा पाया पाहिला, नटबोल्टवर अंगठा फिरवला, एक पायरी दोन्ही हातांनी हलवून बघितली आणि पसंतीची मान डोलावली. तीस वर्षं मशीन दुरुस्त केलेला माणूस उगाच कुठल्या लोखंडावर पाय ठेवणार नाही. मग वरून काकू हात दाखवत राहिल्या आणि अण्णा त्यांच्याकडे बघत चढले. मी शिडीच्या डोक्याशी दोर धरून उभी होते. एक शब्द बोलावा लागला नाही.

वर महादरवाजाचे अवशेष, पहारेकऱ्यांच्या देवड्या आणि महादेवाची पिंड आहे. आम्ही सावलीत बसलो. मुलाने केक पाठवला होता, तो मी खालीच गाडीत ठेवायला लावला. क्रीमचा केक चढणीत टिकत नाही आणि पुठ्ठा, सुरी, मेणबत्त्या, चमकीच्या नळ्या असं सगळं वर राहून जातं. चमकी तर वेचताही येत नाही. त्याहून वाईट म्हणजे अत्तर आणि रंगीत धूर. फोटोसाठी लोक धुराच्या कांड्या आणतात, अंगावर भरपूर सेंट मारून येतात आणि कड्यांना आग्यामोहोळ लटकलेलं असतं. धूर आणि उग्र वास यांनी माश्या उठतात. त्या एकदा उठल्या की पळायला जागा नसते. म्हणून माझ्या यादीत पाणी तीन लिटर, टोपी, काठी, बीपी-शुगरच्या गोळ्या यांच्याखाली जाड अक्षरात लिहिलेलं असतं, सेंट लावू नये.

केकऐवजी काकूंनी पिशवीतून भक्षालू काढले, पुरणपोळ्याच त्या. आधी एक देवापुढे ठेवला, मग वाटाड्याला, मग मला, शेवटी अण्णांना. अण्णा मोठ्या आवाजात म्हणाले, "पंचवीस वर्षांत शुक्रवारी एकदाही हिने घरी बसू दिलं नाही. कधी बाजार, कधी नातेवाईक. आज पहिल्यांदा बसलो." काकू म्हणाल्या, "बसलात कुठे? डोंगर चढवला तुम्हाला." आवाज खाली माहुली गावात गेला असेल.

उतरताना काकूंची बोटं बुटात आदळायला लागली. फोनवर बूट आहेत का विचारलं होतं, आहेत म्हणाल्या होत्या, आणि होतेच. मुलाने आदल्या रात्री भेट म्हणून आणलेले कोरे, अंदाजाने घेतलेले. मुलाचं मन मोडू नये म्हणून सहन करत होत्या. अंगठ्याचं नख काळं पडायला लागलं होतं. बूट काढून बोटांना पट्टी बांधली, नाडी वरच्या बाजूने आवळली म्हणजे पाय पुढे सरकत नाही. शेवटच्या सपाटीवर त्यांनी पिशवीतून आपली रोजची चप्पल काढली आणि कोरे बूट अण्णांच्या हातात दिले. गावात तांदळाची भाकरी, पिठलं आणि ठेचा तयार होता. जेवताना मुलाचा व्हिडिओ कॉल आला, आवडलं का म्हणून. "बूट फार छान आहेत," काकू म्हणाल्या.

हे असंच असतं. आपल्या माणसांचं प्रेम खोटं नसतं, पण त्यांना वाटतं की प्रेम आहे म्हणजे माहिती आहेच. बायकोचा कोणत्या पायाचा गुडघा दुखतो हे सांगू शकणारे नवरे मला फार कमी भेटले. बायकांनाही नवऱ्याची उंचीची भीती माहीत नसते, कारण तो ती घरात कधी दाखवत नाही, कड्याशी आला की बुटाची नाडी बांधत बसतो. मी बाई असल्यामुळे बायका मला फोनवर बरंच सांगतात. पाळीची तारीख, उपवास, नुकतंच झालेलं ऑपरेशन, 'मला खरं तर जायचंच नाहीये पण त्यांचा उत्साह आहे'. या शेवटच्या वाक्यानंतर मी बुकिंग बदलायला लावते. एकीला डोंगर नकोच होता, तिला फक्त एक दिवस कुणासाठी चहा करायचा नव्हता. तिला आम्ही वज्रेश्वरीला नेलं. दर्शन झालं, गणेशपुरीच्या गरम कुंडाशी गेलो आणि दिवसभर हवा तेव्हा चहा हातात आला. ती खूश, नवरा जरा हिरमुसला.

माझ्या स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस मेमध्ये असतो. नवरा गोदामात रात्रपाळीला असतो, त्याला डोंगराचं वेड नाही. त्या दिवशी तो दुपारपर्यंत झोपतो आणि मी घरात कुणाला भांडं वाजवू देत नाही. त्याला तेच हवं असतं, मी विचारलंय.

आता कामाचं. साहसी पर्यटनासाठी राज्य सरकारचं धोरण 2021 मध्ये आलं. त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. तुम्ही पैसे भराल त्यांना नोंदणी विचारा, सोबत प्रथमोपचार शिकलेला माणूस आहे का विचारा, उपकरणं कुणाची आणि किती जुनी ते विचारा. विचारलं म्हणून चिडले तर तिथे जाऊ नका. पावसाळ्यात धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांची बंदी येते, ती आपल्यासाठीच असते. अडकलात तर महाराष्ट्रात गिर्यारोहकांचं स्वतःचं बचाव समन्वय केंद्र आहे. ही मंडळी पोटापाण्याची कामं सोडून रात्री-बेरात्री लोकांना खाली आणतात. त्यांना वाढदिवसाच्या रात्री बोलावायची वेळ आणू नका.

आणि मला फोन कराल तेव्हा दोघांचेही नंबर जवळ ठेवा. लग्न मेमधलं असेल तर डिसेंबरचं बोला. शुक्रवार जमत असेल तर फारच उत्तम, माहुलीवर त्या दिवशी गर्दी नसते.